देवीच्या नारळाची पायपुसणी

श्रावणात देवीच्या पायऱ्यांवर नारळ फुटत आणि सोललेल्या शेंड्यांचा ढीग पुजारी देवळामागच्या ओढ्यात लोटून देई. सिंधुने तो ढीग मागितला तेव्हा त्याला बरंच वाटलं. ओढा तरी मोकळा राहील, म्हणाला.

गावातल्या चौघी तिच्या ओसरीत जमू लागल्या. शेंड्या भिजवायच्या, बडवायच्या, काथ्याची दोरी वळायची आणि लाकडी चौकटीवर पायपुसणी विणायची. निलंग्याच्या एका शिबिरात सिंधु हे शिकून आली होती. बोटं सोलून निघत. तिची जाऊ शिवकांता म्हणे, कोयता निदान एकदाच कापतो. सगळ्या हसत. हसणाऱ्या सगळ्याच दर साली दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या.

यंदा जायचं नाही, असं सिंधुने मनाशी धरलं होतं. धाकटी लेक तनुजा दहावीला होती. आईबाप तोडीला गेले की वयात आलेल्या पोरीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं? थोरलीची शाळा अशीच उसाच्या फडात संपली होती. नवरात्राच्या यात्रेत माल खपला तर घरखर्च भागेल, असं तिने नवऱ्याला, सटवाजीला, कसंबसं पटवलं. तोडीची टोळी जमवणारा मुकादम चंद्रप्पा विचारायला आला, त्याला दसऱ्यानंतर बघू म्हणाली.

यात्रेत सुरुवातीला माल हातोहात जाऊ लागला. मग देवणीकडच्या एका म्हातारीने पायपुसणं उलटसुलट करून विचारलं, आपल्याकडं नारळाचं झाड न्हाई, मग काथ्या कुठला? खरं सांगितलं तर मालाला मान येईल, असं सिंधुला वाटलं.

"आपल्या देवीचाच हाय, मावशी. पायरीवर फुटलेल्या नारळांचा."

म्हातारीने पायपुसणं कपाळाला लावलं आणि जपून खाली ठेवलं.

"मग बाई, ह्याच्यावर पाय कसा द्यावा?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही. गोष्ट यात्राभर झाली. दिवस कलेपर्यंत लोक घेतलेला माल परत आणून ठेवू लागले. काहींनी तर पैसेही मागितले नाहीत, नुसते हात जोडून गेले. ओढ्यात कुजत होतं तेव्हा हे कुणाचं होतं, असं सिंधुने पुजाऱ्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, ओढ्यात टाकणं म्हणजे विसर्जनच की. पुढच्या शेंड्या मात्र देता यायच्या नाहीत.

दसरा झाला. घरातल्यांनी वापरलं तर गावाची भीड मोडेल, म्हणून सिंधुने एक पायपुसणं स्वतःच्या उंबऱ्यापुढे अंथरलं. सटवाजी बाजूने वळसा घालून आत आला. शिवकांता अंगणातूनच बोलून परतली. मग सिंधु स्वतः उठली. तिने पाय उचलला. काथ्या ओढ्यातला होता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी पाय खाली टेकेना. शेवटी तिने तो मागे घेतला.

तेवढ्यात चंद्रप्पा आला. पायपुसणं बघून अंगणातच थांबला.

"वैनी, गाडी ठरवायलोय. पोरगी येणार ना संगं?"

तनुजाने पुस्तक मिटलं. बाहेर येऊन पायपुसण्याची घडी केली, ती देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि भांडी पोत्यात भरायला बसली.