पार्सल वाटेत फुगतं कसं

चिगुसाच्या घरातून निघताना पार्सल तीन सेंटिमीटरच्या आत असे, आणि कुरिअरच्या गोदामात पोचेपर्यंत वाटेत दिवस गेल्यासारखं फुगलेलं असे. गोदामातलं यंत्र ते मोजे, जाड म्हणून बाजूला काढे, आणि वरचं भाडं तिच्या कमाईतून परस्पर कापलं जाई.

ती जुने किमोनो उसवून त्यांच्या पिशव्या शिवायची आणि मोबाइलवरच्या बाजारात विकायची. पोचवण्याचं भाडं विकणाऱ्याच्याच माथी. म्हणून पिशवीची चापूनचोपून घडी घालायची, लिफाफ्यात भरायची आणि फट असलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून सरकवून बघायची. फटीतून सुळकन गेलं तर स्वस्तातलं भाडं, अडलं तर दुपटीच्या वर. चिगुसाची पार्सलं लोण्यातून सुरी जावी तशी जात. तरीही मोबाइलवर तोच निरोप, क्षमा मागून, नमस्कार करून: आपल्या पार्सलची जाडी अधिक भरली.

एरवी तिने दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण या महिन्यात पैज लागली होती.

तिचा नवरा योशिहिको शरदात निवृत्त झाला आणि त्याच्या कचेरीतले सगळे निवृत्त पुरुष जे करतात तेच त्यानेही केलं. सोबाच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या, शेवया हाताने करायला शिकू लागला. परात आणली, पाट आणला, तलवारीच्या चुलत्यासारखा सुरा आणला. शेवया उकळत्या पाण्यात पडल्या की त्यांचे तुकडे होत. घरातले लोक ते चमच्याने खात आणि छान झाल्यात म्हणत. पीठ मात्र अंथरुणापर्यंत पोचलं होतं. आता त्याला त्या पाटासाठी खोली हवी होती, आणि ती दक्षिणेकडची, उन्हाची, चिगुसाच्या शिलाई मशीनची.

त्या घरात ती एकच खोली अशी होती, की दार ओढून घेतलं की "माझे मोजे कुठायत?" हा प्रश्न आत येत नसे. तिच्यासाठी चिगुसा भांडली. भांडण मिटेना तेव्हा ठरलं: जानेवारीअखेर चिगुसाचं मोबाइलवरचं दुकान नफ्यात असेल तर खोली मशीनची, तोट्यात गेलं तर शेवयांची.

"आजपण कापले का गं?" योशिहिकोने जेवताना विचारलं. आवाजात इतकी काळजी होती, की ती विकत आणल्यासारखी वाटत होती.

"कापले."

"तुझी पट्टी जुनी झाली असेल. ताणली असेल."

"प्लॅस्टिकची पट्टी ताणते होय? अहो, ती काय तुमच्या पायजम्याची नाडी आहे?"

"मी आपलं सुचवलं." तो कुठलंसं गाणं गुणगुणत उठला आणि हातात मोजपट्टी घेऊन तिच्या खोलीकडे वळला. पाट आडवा बसेल की उभा, ते बघायला.

चिगुसाने गोदामाला फोन केला. पलीकडची मुलगी इतक्या अदबीने बोलली, की रागवायला जागाच राहिली नाही. "साडेतीनच्या वर भरलं, बाईसाहेब. आम्ही दोनदा मोजलं. फारच वाईट वाटतं आम्हाला."

मग एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय आला. पिशवी सुंदर आहे, शिवण बारीक आहे, असं लिहून पुढे लिहिलं होतं, 'आणि ते वाळवलेलं रताळं! सासऱ्यांनी एकट्याने संपवलं. अजून मिळेल का, असं विचारताहेत.'

चिगुसाने वाक्य पुन्हा वाचलं. तिने कुणाला रताळं पाठवलं नव्हतं. मागचे अभिप्राय काढले, जे तिने चांदण्या मोजून न वाचताच सोडले होते. रताळं. रताळं. 'लहानपण आठवलं.' एकाने तर पिशवीचा उल्लेखच केला नव्हता.

अंगणात बांबूच्या जाळ्यांवर रताळ्याच्या फाका उन्हात पडल्या होत्या. सासूबाईंचा हिवाळ्यातला उद्योग. तोमेबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या आणि रोज सकाळी पार्सलं नाक्यावरच्या कुरिअर घेणाऱ्या दुकानात पोचवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. गुडघ्यांना चाल हवी म्हणे.

दुसऱ्या दिवशी चिगुसा त्यांच्या मागोमाग निघाली. ढकलगाडी घेऊन म्हातारी तुरूतुरू चालत होती. बसथांब्याच्या बाकावर बसली, इकडेतिकडे बघितलं, गाडीतून कात्री काढली आणि लिफाफ्याची चिकटपट्टी अशी अलगद कापली, जणू जन्मभर लोकांची पत्रंच फोडत आली होती. एप्रनच्या खिशातून रताळ्याची पुडी निघाली, आत गेली. वरून नवी चिकटपट्टी. तीच, प्लमच्या फुलांची, चिगुसा वापरायची ती.

"आई!"

तोमेबाई दचकल्या, पण लाजल्या मुळीच नाहीत. "बरी आलीस. हे टोक जरा धर."

"तुम्ही माझी पार्सलं फोडता?"

"फोडत नाही, पुरी करते. ज्याचे पैसे दिले तेवढंच पाठवायचं? वर चिमूटभर काही नाही? अगं, लोक काय म्हणतील, कुठल्या भिकारड्या घरातून आलंय! मासे विकायचे तेव्हा तुझे सासरे दोन बांगडे वर टाकायचे."

"आई, पार्सल जाड होतं त्याने. जाड झालं की भाडं वाढतं. ते माझ्या पैशातून जातं."

"जाडीचे पैसे घेतात?" तोमेबाईंना हे नवीन होतं. "वजनाचे घेतात, ते ठाऊक आहे. म्हणून तर रताळं. किती हलकं!" मग त्या थबकल्या. "पण योशी काही बोलला नाही."

"त्यांना माहितेय?"

"त्यानेच तर ही चिकटपट्टी आणून दिली. किती गुणाचं पोर. मी आधी पातळ फाक घालत होते. तो म्हणाला, आई, कंजूषपणा नको, चांगली जाड काप. गेल्या आठवड्यात तर त्याने स्वतःच्या सुऱ्याने कापून दिल्या."

चिगुसा बाकावर बसली आणि तिने पैजेची सगळी हकिकत सांगितली. बस आली, थांबली, दोघी चढत नाहीत बघून गेली. तोमेबाई ऐकत होत्या, आणि त्यांचा खालचा ओठ हळूहळू पुढे येत होता.

"म्हणजे माझ्या रताळ्याने त्याने पैज जिंकायची?" त्या म्हणाल्या. "माझ्या?"

"तुम्ही त्यांना काही बोलू नका."

"बोलते कशाला? किती दिवस उरलेत?"

"आठवडाभर. थोडा तोटाच आहे. आजपासून रताळं थांबवलं तरी भरून निघायचा नाही."

"थांबवायचं कोण म्हणालं?"

त्या दुपारी चिगुसाने खोलीचं दार ओढून घेतलं आणि दुकानातल्या सगळ्या पिशव्यांचं वर्णन बदललं. जाड पार्सलाचं भाडं आधीच किमतीत धरलं आणि खाली लिहिलं: 'सोबत सासूबाईंनी उन्हात वाळवलेलं रताळं भेट.' किंमत टाकली आणि पुन्हा वाचली. इतक्याला कोण घेणार?

संध्याकाळपर्यंत चार गेल्या. महिना सरायच्या आत शिवलेली शेवटची पिशवीही संपली, ती उलट्या अस्तराचीसुद्धा, जी वर्षभर कुणी बघितली नव्हती. योशिहिको मात्र निष्ठेने रताळी जाड कापून देत होता. "अजून जाड रे, बाळा," तोमेबाई म्हणत आणि तो गालातल्या गालात हसे.

महिनाअखेरीला चिगुसाने दुकानाचं पान उघडून मोबाइल त्याच्यासमोर ठेवला. तो वाचत गेला. कान लाल झाले.

"पण भाडं..."

"भरलं की. गिऱ्हाइकांनी. तुमचं कापणं इतकं एकसारखं आहे म्हणून सांगू, दोघांनी मुद्दाम कळवलंय."

योशिहिको काही वेळ खोकला. मग म्हणाला, "शेवया मी पडवीत लाटीन."

"गारठ्याने हात आखडतील. स्वयंपाकघरात लाटा, पण पीठ तुम्ही पुसायचं," चिगुसा म्हणाली आणि हसू दाबत आपल्या खोलीकडे गेली. आज दार लावून ती नुसती बसणार होती. काही शिवणारसुद्धा नव्हती.

दार आधीच उघडं होतं. आत, उन्हात, तोमेबाईंची रजई घातलेली, खालून ऊब देणारी कोतात्सू-चौकी मांडलेली होती. तिच्यात पाय खुपसून त्या बसल्या होत्या, शेजारी टीव्ही, आणि मशीनच्या टेबलावर रताळ्याची जाळी.

"आई, हे काय?"

"नफा झाला ना? कशावर झाला?" तोमेबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. "मी दुपारी घोरते, ते सांगून ठेवते. उभी काय राहिलीस, दार लाव. तो मोजे शोधत येईल."

चिगुसाने दार ओढून घेतलं. जाळी उचलून खिडकीत ठेवली, मशीन मोकळं केलं आणि थंडगार झालेले पाय म्हातारीच्या पायांना लावून रजईत घातले.

"बर्फ आहेत की काय!" तोमेबाई किंचाळल्या, आणि थोडं सरकल्या.