अर्धा कप भरणारी किटली

मी कॉफीची किटली बोलतेय. अंगानं स्टीलची, कान काळा, झाकणाला एक पोचा. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, कोर्टापासून दोन गल्ल्या सोडून, एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर माझं आयुष्य गेलं. आमच्या खोलीला पाटी नव्हती. मुद्दामच लावली नव्हती. जिना दवाखान्याचाच, त्यामुळे इथल्या वकिलांचे दात फार खराब अशी कोर्टात समजूत होती. आम्ही ती कधी खोडली नाही.

येणारी सगळी कायद्याची माणसं. कुणी दारूत बुडालेलं, कुणी गोळ्यांच्या आहारी गेलेलं, कुणाची नजर जात चाललेली आणि ते अशिलांपासून लपवता लपवता झोप उडालेली. दुसऱ्यांची भांडणं मांडून पोट भरणारी ही मंडळी स्वतःचं दुखणं सांगायची वेळ आली की मूग गिळून बसत. सनद जाईल, ही धास्ती. म्हणून इथला नियम कडक होता. इथं बोललेलं बाहेर जायचं नाही, आणि कोण आलं होतं हेही नाही.

लोरेटा नोविकी ही खोली सांभाळायची. एके काळची सरकारी वकील, बाटलीपायी संसार गमावून पुन्हा उभी राहिलेली. मला तिनंच आणलं. कप अर्धाच भरायचा, ही रीतही तिचीच. नव्या माणसाचे हात थरथरतात, भरलेला कप सांडतो आणि माणूस लाजेनं परत येत नाही.

फोनवर मात्र कुणीही वकील "मी" म्हणत नाही. डॅरिल कोवाचनंही म्हटलं नाही.

"माझा एक मित्र आहे. समजा, त्याला कोर्टात जायच्या आधी सकाळीच घ्यावी लागते. आणि समजा..."

"समजा पुरे," लोरेटा म्हणाली. "मित्राला म्हणावं, मंगळवारी संध्याकाळी ये. तो लाजत असेल तर तुम्हीच या त्याच्या वतीनं."

डॅरिल आला. अर्धा कप घेऊन कोपऱ्यात बसला. तेवढ्यात दार उघडलं आणि न्यायाधीश ओडेल प्रुइट आत आले. डॅरिल ताडकन उभा राहिला. न्यायाधीश आले की उठायचं, ही जन्माची सवय! अर्धाच होता तरी कप सांडलाच. कुणी हसलं नाही. खोलीतल्या बऱ्याच जणांनी पहिल्या दिवशी हेच केलं होतं.

"बस रे बाबा," ओडेल म्हणाले. "इथं मी नुसता ओडेल. दारू सोडून बरीच वर्षं झाली, पण मंगळवार चुकवत नाही."

डॅरिल सांडलेली कॉफी रुमालानं पुसू लागला. "परवा तुमच्यासमोर माझी केस आहे. मुलांच्या ताब्याची. त्या आईला माझ्याशिवाय..."

"आता ती केस माझ्यासमोर नाही," ओडेल म्हणाले.

"आणि तुझ्याकडेही नको," लोरेटानं जोडलं. "बाईला सांग, मी आजारी आहे. खोटं नाही ते. आपल्यातलंच कुणीतरी तिचं काम बघेल. तू आधी इस्पितळात जा."

डॅरिल गेला. ओडेलनी त्या केसमधून अंग काढून घेतलं. कारण विचारलं तर गप्प. मग काय, लोकांना आयतं कोलीत मिळालं. आमच्याकडे न्यायाधीश मतांवर निवडून येतात आणि निवडणूक तोंडावर होती. "त्या बाईच्या नवऱ्याकडून पैसे घेतले असणार, म्हणूनच बाजूला झाले," असं विरोधक उघड बोलू लागले.

डॅरिल बरा होऊन परतला तेव्हा त्याला हे कळलं.

"मी पत्रकारांना सगळं सांगतो," तो तळमळून म्हणाला. "माझ्या सनदेचं व्हायचं ते होवो."

"तुझ्या दारूचं सांग, तो तुझा हक्क आहे," ओडेल म्हणाले. "पण ते विचारतील, तुम्ही भेटलात कुठं? मग पुढचा माणूस हा जिना चढायचा नाही."

"आणि तुमचं नाव?"

"ते माझं मी बघतो."

ओडेल निवडणूक हरले. त्या मंगळवारीही आले आणि खुर्च्या मांडू लागले. मला फार वाईट वाटलं. त्या आईला मुलं मिळाली, हे त्यांना वर्तमानपत्रातून कळलं.

पुढं एका हिवाळ्यात ओडेल गेले. आमची सगळी खोली चर्चमध्ये शेवटच्या बाकांवर जाऊन बसली. काय घडलं ते डॅरिलनं पुढच्या मंगळवारी सांगितलं. ओडेलची मुलगी दूर ओरेगॉन राज्यातून आली होती. तिनं एकेकाला विचारलं, "तुम्ही बाबांना कसे ओळखायचात?"

"कोर्टातली ओळख," प्रत्येकजण म्हणाला.

"हो का," ती म्हणाली. "हरल्यावर सगळ्यांनी त्यांना टाकलं. माझ्या बाबांना मित्रच राहिले नाहीत."

बोलण्याचे पैसे घेणारी ही माणसं, पण एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. सांगता सांगता डॅरिल रडला.

आता मी गळते. माझ्या जागी बटणाचं यंत्र आलंय आणि मी कपाटावर धूळ खात पडलेय. लोरेटा थकली, खोली डॅरिल सांभाळतो. माझी एकच विनंती आहे. कुणाचा हात थरथरताना दिसला तर चारचौघांत विचारू नका, बाजूला घेऊन बसवा.

नियम मलाही लागू आहे, म्हणून वरची सगळी नावं मी बदलली आहेत, गावंसुद्धा. ती मुलगी हे वाचेल आणि तरीही तिला कळणार नाही की हे तिच्या वडिलांचं आहे. पोरी, तुझ्या बाबांना मित्र होते गं. खोली भरून होते.