तात्यासाहेबांची गाडी बंद का पडायची

ही गोष्ट दोन हजार चोवीसची, दिवाळीनंतरच्या महिन्यातली. तात्यासाहेबांची गाडी चालता चालता बंद पडू लागली होती आणि त्यांनी त्याचं खापर सुनेवर फोडलं होतं.

सून सायली चितेगावच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत होती. सोमवार ते शनिवार गाडी ती न्यायची, तिच्याकडच्या जादा किल्लीवर. रविवारी तात्यासाहेब बिडकीनला जायचे, आणि नेमकी तेव्हाच, खड्डा आला की गाडी मुकी व्हायची. किल्ली पुन्हा फिरवली की सुरू.

"क्लचवरचा पाय उचलत नसंल ती. इंजिनाची वाट लावली," तात्यासाहेबांनी निकाल दिला. "एक तारखेपासून गाडी नाय मिळायची. नोकरी सोड म्हणावं."

"मामंजी, माझ्या हातात एकदाही बंद पडली नाही."

"लपवतीस."

तिचा नवरा ऋतुराज मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. तो बसलेलाच राहिला. सायलीनं त्या रात्री राजीनामा लिहून ठेवला, कारण सकाळच्या पाळीला पोचवणारी बसच नव्हती.

तात्यासाहेबांची थोरली बहीण चतुराबाई हे सारं ऐकत होत्या. भावाला सायकलची उतरलेली साखळी कधी बसवता आली नव्हती, हे त्यांना चांगलं आठवत होतं. त्यांच्या मालकांची जीप होती. ती कुरकुरली की मालक बॉनेटवर तळहात ठेवून गप्प उभे राहायचे, आणि बायकोला पहिला प्रश्न विचारायचे, "माझं काय चुकलं असंल गं?" असली माणसं आता कुठं राहिली?

स्टेशनजवळच्या संघपालच्या गॅरेजात गाडी तीनदा जाऊन आली होती. कॉम्प्युटर लावला, काही दिसलं नाही. प्लग बदलले. संघपाल स्वतः वेरूळपर्यंत जाऊन आला, गाडी एकदाही अडली नाही. घरी आली की पुढच्या रविवारी पुन्हा बंद.

चौथ्या खेपेला चतुराबाई हट्टानं सोबत गेल्या.

"डिग्री घेतली, एवढा मोठा बोर्ड लावला, अन् एक रोग सापडंना तुला?" तात्यासाहेब दारातूनच सुरू झाले.

"बसा, तात्यासाहेब. किल्ली द्या," संघपाल म्हणाला.

तात्यासाहेब स्टुलावर टेकले आणि नखानं जुडग्याची कडी उघडून एकेक किल्ली काढू लागले. कपाटाची, माळ्याची, विहिरीवरच्या मोटरच्या खोलीची, कांदाचाळीची. पंधरा-सोळा तरी होत्या. मग नुसती गाडीची किल्ली त्यांनी पुढं केली.

"त्या कशाला काढल्या रे?" चतुराबाईंनी विचारलं.

"आक्का, परक्याच्या हातात घर द्यायचं व्हय?"

"कोणतं घर? जमीन जाऊन दहा वर्षं झाली. कांदाचाळीच्या जागी कारखान्याची भिंत हाय. कुलूप कुठंय तुझं?"

संघपालचा हात पुसता पुसता थांबला. "तिन्ही वेळा अशाच काढून दिल्या होत्या?"

"मग? मी काय येडा हाय?"



"सगळ्या परत लावा," संघपाल म्हणाला. त्यानं गाडी सुरू केली आणि लोंबत्या जुडग्याला खाली एक हिसका दिला. इंजिन बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा हिसका, पुन्हा बंद.

"किल्ली फिरते ती जागा झिजलीय, आत्या. खड्ड्यात हे ओझं खाली खेचतं, किल्ली मागं सरकते. वहिनी नुसत्या जादा किल्लीवर चालवत असणार, म्हणून त्यांना कधी कळलंच नाही. अन् तुम्ही तात्यासाहेब, पुढून ट्रक असता म्हणजे?"

तात्यासाहेबांनी घाम पुसला. "आजकालचं लोखंडच हलकं," ते म्हणाले.

"घरी गेल्यावर सायलीला सांग, माझं चुकलं म्हणून," चतुराबाई म्हणाल्या.

"मी? सुनेला?"

मग चतुराबाईंनीच सांगितलं, उंबऱ्यातून, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. राजीनामा त्यांनी चार तुकडे करून चुलीजवळच्या डब्यात टाकला. तात्यासाहेबांना पाणी प्यायला आत जावं लागलं.

पुढं सायली त्या प्रयोगशाळेची प्रमुख झाली. ऋतुराज अजून मोबाइलमध्येच आहे. संघपाल आता नवी गाडी आली की आधी सांगतो, किल्ली आहे तशीच द्या. तात्यासाहेब गाडीत नवं कुलूप बसवून जुडगा बंडीच्या खिशात वागवतात, आणि सुनेनं बिघडवलेल्या गाडीचा रोग आपणच कसा हुडकला हे बिडकीनला रंगवून सांगतात. ऐकणारे चहा संपेपर्यंत माना डोलवतात. चतुराबाई एक रविवार सोडून सायलीबरोबर वेरूळला दर्शनाला जातात, पुढच्या सीटवर बसून. भाऊ आलाच तर मागं.