पिप्पोच्या बरगड्या

मी एक लाकडाची फळी बोलतेय. नुसती फळी म्हणून नाक मुरडू नका. माझ्यावर रंगातली मेरीमाता बसलेली आहे, मांडीवर बाळ घेऊन. सगळं फ्लॉरेन्स मला बघायला येतं आणि कलेबद्दल खूप बोलून जातं.

माझा आताचा मालक सेर नाद्दो, त्याच्या आजोबांनी मला करून घेतलं. तेव्हाची पद्धत सोपी होती. मागे सोन्याचा वर्ख, मेरीमाता खांबासारखी ताठ, आणि बाळ म्हणजे कपाळाला आठ्या घातलेला बुटका म्हातारा. कुणाची तक्रार नव्हती. देवाचं बाळ, त्याला गुटगुटीत असून काय करायचंय!

मग शहरात नवे विचार आले. सेर नाद्दो दिवसभर लोकांचे करारनामे लिहायचा आणि संध्याकाळी रोमन लोकांच्या जुन्या पोथ्या वाचायचा. त्याचा मित्र उगो जेवायला आला की दोघं जोरजोरात बोलायचे.

"माणसाकडे बघा! माणसासारखं सुंदर दुसरं काही नाही!"

घरातल्या माणसांकडे बघायला मात्र दोघांनाही सवड नसायची.

नाद्दो एक निबंध लिहीत होता. विषय होता, आईने आपलं मूल स्वतःच का पाजावं. दुसरं पान चालू असताना शेजारच्या खोलीत त्याचा मुलगा पिप्पो रडायला लागला. चार दिवसांचा होता. लिहिण्यात फार व्यत्यय यायला लागला, म्हणून त्याला दूर मुजेल्लोच्या खेड्यात, दूध पाजणाऱ्या दाईकडे धाडायचं ठरलं.

"अहो, मला दूध आहे. मी पाजते ना," तेस्सा म्हणाली. ही त्याची बायको, वय एकोणीस.

"अगं, आपल्या घराण्यात कुणी स्वतः पाजलंय का? लोक हसतील."

"मग तुम्ही लिहिताय ते काय आहे?"

"ते लॅटिन आहे."

तेस्साला लॅटिन येत नव्हतं. त्यामुळे निबंधाला घरात काही धोका नव्हता.

त्यानंतर ती रोज माझ्यासमोर गुडघे टेकायची. छातीला फडकं घट्ट बांधलेलं असायचं, तरी झग्याचा पुढचा भाग ओला व्हायचा. मुजेल्लोहून कुणी चेस्टनट विकायला आलं की ही जिन्यावरून धावत खाली.

"माझा पिप्पो कसा आहे हो?"

"दाई म्हणते, झक्कास आहे."

दाई दुसरं काय म्हणणार?

चार महिन्यांनी नाद्दोचं लक्ष माझ्यावर गेलं. "हे काय बाळ आहे? हा तर चिडलेला न्यायाधीश दिसतो!" त्याने बेंची चिताऱ्याला बोलावलं. "खरवडून काढ सगळं. मला खरं बाळ पाहिजे. जिवंत बाळ समोर ठेव आणि दिसेल ते काढ. मनाचं काही घालायचं नाही."

"बाळ कुठलं आणू, साहेब?"

"माझंच आहे की! मुजेल्लोला ठेवलंय." टोपी कुठे विसरली ते आठवल्यासारखं तो म्हणाला.

बेंची गेला. आठ दिवसांनी बाळाची रेखाटनं घेऊन परत आला आणि रंग कालवायला बसला. रंग अंड्याच्या बलकात कालवतात. शहरातल्या कोंबडीचा बलक फिकट, तो कोवळ्या चेहऱ्याला. खेड्यातल्या कोंबडीचा गडद, तो म्हाताऱ्या कातडीला. बेंचीने बाळासाठी खेड्यातली अंडी फोडली. मला तेव्हाच शंका आली. इतका खटाटोप करून माझ्यावर परत म्हातारंच बसणार होतं!

चित्र दाखवायला नाद्दोने पाहुणे बोलावले, कोंबडा भाजला. पडदा सरकला आणि तो टाळ्याच वाजवायला लागला.

"बरगड्या बघा, बरगड्या! एकेक मोजून घ्या! हाडांचा केवढा अभ्यास! याला म्हणतात कला!"

पाहुणे वा वा म्हणाले. तेस्सा खरंच मोजायला लागली. बोट ठेवून. एक, दोन, तीन. पाचव्या बरगडीवर तिचं बोट थांबलं.

"बेंची, या तू मनाने घातल्यास ना?"

"नाही, बाईसाहेब. मनाचं काही घालायचं नव्हतं."

"आणि दाईचं दूध?"

"ती स्वतःच पोटुशी आहे, सहावा महिना. दूध केव्हाच आटलं. पाण्यात पाव कालवून भरवते बाळाला. मी तिथूनच साहेबांना तसं पत्र पाठवलं होतं."

सगळे नाद्दोकडे बघायला लागले.

"हो, आलं होतं," नाद्दो म्हणाला. "सात चुका होत्या. दुरुस्त करून परत पाठवलं मी."

उगोच्या हातातली कोंबड्याची तंगडी तशीच राहिली. तेस्साने शाल उचलली आणि खाली जाऊन खेचरावर खोगीर घालायला सांगितलं.

"अगं, पाहुणे बसलेत!"

"त्यांना बरगड्या दाखवा," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. शालीत पिप्पो होता, रडायचीही ताकद नसलेला. हिचंही दूध आटलेलं. माझ्याखाली खुर्ची टाकून ती त्याला सारखी छातीला लावत बसायची. मधूनमधून शेजारीण येऊन पाजून जायची. नऊ दिवस काही भरवसा नव्हता. आजपर्यंत इतक्या जणांनी माझ्याकडे इतकं मागितलं, पण तेव्हा पहिल्यांदा मला आपण नुसतं लाकूड असल्याची लाज वाटली. दहाव्या दिवशी दूध उतरलं. त्या दुपारी पिप्पो असा काही रडला की नाद्दोची दौत सांडली.

वर्षभरात पोराच्या मांड्यांना वळ्या पडल्या. तेव्हा नाद्दो म्हणाला, "आता चित्र खोटं झालं. बेंचीला बोलावून बरगड्यांवर कापड रंगवून घेऊ."

"हात लावायचा नाही," तेस्सा म्हणाली. "रोज सकाळी इथेच हात जोडता ना? जोडा."

तो अजून जोडतो. नजर मात्र मेरीमातेच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवतो. त्याचा निबंध म्हणे फार गाजला.

पिप्पो आता तीन वर्षांचा आहे. मला पावाचे तुकडे फेकून मारतो. परवा त्याने विचारलं, "आई, हा वाळका कोण गं?"

"बाबा लिहीत होते ना, तेव्हाचा तू," ती म्हणाली.

तुम्हीही या मला बघायला. कौतुक करायचं तेवढं करा. पण जाताना एकदा त्या बरगड्या मोजा, आणि आपलं लेकरू कुणाकडे ठेवलेलं असेल तर इथून थेट तिकडे जा. मी काय, फळी आहे, मी थांबेन. बाळ थांबत नाही.