फकिराचा सिगार

जवळच्या माणसाशी खोटं बोलायला छाती लागते म्हणतात. उमाकांतजवळ ती भरपूर होती. म्हणून तर तो दर मंगळवारी तोंड खळखळून धुऊन रुआबांधा वस्तीत फकिराकडे जायचा आणि त्याच्यासमोर निर्लज्जासारखा बसायचा.

कॅन्सरपायी फकिराची जीभ कापली, त्याला आठ महिने झाले. प्लांटमध्ये दोघं एकाच शिफ्टला. खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, पहिली चिमूट फकिराच्या तळहातावर ठेवणारा हाच उमाकांत. ऑपरेशनच्या दिवशी त्यानं फकिराचा हात धरून शपथ घेतली, "आजपासून मी बी खर्रा सोडला." ती शपथ पुरते पंधरा दिवसही टिकली नाही, आणि हे फकिराला ठाऊक नव्हतं.

त्या मंगळवारी फकिराची बायको जयावहिनी भाजी आणायला गेली, तसा फकिरानं पेटीतून एक सिगार काढला. जावयानं दुबईहून आणलेला, महागातला. आला तो नेमका ऑपरेशनच्या आधी, मग तसाच पडून होता. फकिरानं पाटीवर लिहिलं, 'तू ओढ. मले चव सांग.'

उमाकांतला सिगार हातात घ्यावासा वाटेना. पण जीभ गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणावं? अंगणात फकिराच्या खाटेपासून लांब, वारा बाहेर जात होता त्या बाजूला, त्यानं खुर्ची टाकली. टोक ब्लेडनं कापून सिगार पेटवला.

"पहिले मिऱ्यावानी झोंबते," तो म्हणाला. "थांब... आता भाजल्या शेंगदाण्यावानी लागून राहिलं. कडक नाही, फिक्का बी नाही. दोन्हीच्या मधातला आहे."

'मग?' फकिरानं लिहिलं. त्याचे डोळे चमकत होते.

"मग कॉफीवानी गोड. अन् तो गोडवा जिभेवर..." उमाकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फकिरानं हातानं खुणावलं, बोल, बोल. अन् हा मेला रंगला ना! "एक नंबर माल आहे रे! आज सकाळच्या खर्ऱ्यात असा गोडवा कुठं!"

झालं! बोलून बसला.

फकिरानं पाटी बाजूला ठेवली. मग त्यानं हात पुढे केला.

उमाकांतनं उठून खिशातली खर्ऱ्याची पुडी काढून त्या हातावर ठेवली. "नाही सुटला रे. तुझी शपथ मोडली मी." आता हा थोबाडीत देईल असं त्याला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. फकिरानं पुडी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. फकिरानं पुडी झटकन उशीखाली सारली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"भाऊजी, हा कशाचा वास येऊन राहिला?" जयावहिनीनं पिशवी खाली ठेवत विचारलं.

फकिरा डोळ्यांनी हात जोडत होता. गप्प बसायला काय लागतं? उमाकांत आठ महिने तेच करत आला होता.

"वहिनी," तो फकिराकडे न बघता म्हणाला. "ते उशी उचला. खाली माझी पुडी आहे."

वहिनीनं उशी उचलली. फकिरा पाठ करून कुशीवर वळला, आणि उमाकांत निघाला तरी त्यानं तोंड इकडे केलं नाही.