पडलेल्याचं नाव

मैदानात पाय टाकला आणि धनाजी आप्पांचं डोकं सटकलं. कमानीवर मल्हारचा हसरा फोटो, त्याला हार, आणि खाली हातभर अक्षरांत छापलेलं: 'मृत्यूशी झुंज हरला, मैदानाचा आवाज हरपला.'

"हे कुणाचं डोकं?" आप्पा कडाडले.

यात्रा कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब लगबगीनं पुढं आले. "पेपरात आसंच छापत्यात की, आप्पा. काय चुकलं?"

काय चुकलं म्हणे! आता ह्या माणसाला काय सांगायचं, कप्पाळ? मल्हार म्हणजे वडूजच्या पुढचा, धनगराचा पोर. मेंढरांमागं हाका घालता घालता गळा तयार झालेला. कुस्त्यांच्या मैदानात आप्पांच्या शेजारी बसून निवेदन करायचा. साताऱ्यातली जत्रा असो नाहीतर सांगलीतली, माईकवर ही दोघं ठरलेली. पैलवानाचा हात हलायच्या आधी हे पोरगं डाव सांगायचं, "आता ढाक लागतीया बघा," आणि लागायची! म्हातारे वस्तादसुद्धा तोंडात बोट घालायचे. आप्पांची हयात माईकवर गेली, पण ती नजर त्यांना नव्हती. चारचौघांत ते तसं कबूलही करायचे आणि मनातून थोडे जळायचेही. माणूसच ते.

पण मल्हारचं खरं वेड वेगळंच होतं. 'हरला' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकला नाही. कुस्ती चितपट झाली की सगळं मैदान जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायला धावतं, आणि पडलेला बिचारा अंगावरची माती झटकत, खालमानेनं गर्दीतून वाट काढतो. मल्हार नेमकी त्यालाच हाक मारायचा. "थांब गड्या, आसा जाऊ नगंस!" मग त्याचं नाव, गाव, वस्ताद, सगळं पुकारायचा. "कलाजंगाचा डाव काय सुरेख धरला व्हता, मंडळी! आज थांबला, उद्या बघा." टाळ्या पडायच्या आणि त्या पैलवानाची मान वर यायची.

आप्पा वैतागायचे. "आरं, पडलेल्याची कसली वरात काढतोस? पुढची कुस्ती खोळंबलीया."

"आप्पा, जिंकलेल्याचं नाव आख्खं गाव घेतंय. पडलेल्याचं त्याची आईच घेती, घरी जेवायला वाढताना. आपुन एकदा घेतलं तर माईक झिजतोय व्हय?"

आप्पा तंबाखू मळायला घ्यायचे.

आणि अशा पोराला गेल्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. पंचविशीसुद्धा ओलांडली नव्हती. मिरजेच्या दवाखान्यात आप्पा भेटायला जायचे, तर तिथंही ह्याचं निवेदन चालूच. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा सलाईनची बाटली घेऊन संडासाकडं निघाला की हा पडल्यापडल्या पुकारायचा, "पैलवान निघालं बघा, वाट द्या, वाट द्या!" म्हातारा खुदकन हसायचा. नर्सबाई दटावायच्या आणि त्याही हसायच्या. आवाज मात्र प्रत्येक भेटीत खाली उतरलेला असायचा. शेवटी शेवटी आप्पा कान त्याच्या तोंडाशी न्यायचे.

"ते फ्लेक्स काढा," आप्पा लालासाहेबांना म्हणाले.

"आत्ता? लोकं बसल्याती, आप्पा. आन् त्या दगडाबाईला कुठं वाचता येतंय? तुमी माईकवर चांगलं बोला, म्हंजे झालं."

दगडाबाई म्हणजे मल्हारची आई. कमिटीनं तिला श्रद्धांजलीसाठी मुद्दाम बोलावून घेतलेली. एवढ्या बाप्यांच्या गर्दीत, स्टेजच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती अंग चोरून बसली होती. पोरगा जिथं बोलायचा ते मैदान ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

वाचता येत नाही, पण ऐकायला तर येतं! आप्पांनी मनाशी पक्कं केलं, काय वाट्टेल ते होवो, तो शब्द आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही. त्या पोरासाठी आता दुसरं करण्यासारखं उरलं तरी काय होतं?

हलगी थांबली. आप्पा माईक घेऊन उभे राहिले. सुरुवात झकास झाली. पोराची नजर, पोराचा गळा, पोराचं मन, सगळं नीट सांगितलं. मग सहज त्यांचं लक्ष शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं गेलं आणि ठरवलेलं सगळं डोक्यातून गेलं. आता, निवेदकाचं डोकं थांबलं तरी जीभ थांबत नाही. सवयच तशी. ती आपली पाठ असलेलं बोलत सुटते.

"...आणि आसा ह्यो गुणी गडी, मंडळी, मृत्यूच्या आखाड्यात अखेर हरला!"

गेला की शब्द! कर्ण्यातून पार शिवेपर्यंत गेला. आप्पांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. खाली लोक माना डोलवत होते. कुणाला काही खटकलंच नव्हतं.

दगडाबाई तेवढी उठली. पदर सावरत थेट आप्पांपुढं येऊन उभी राहिली.

"आवं भाऊ, हरला कसा?" माईक आप्पांच्या हातात चालूच होता. "वय बघून, वजन बघून जोड लावत्यात न्हवं तुमच्यात? मग माझ्या लेकराची जोड मरणासंगं लावली कुणी? त्येचं वय व्हतं का ते? मला म्हातारीला सोडून कवळ्या पोराला उतरवलं. पंच काय झोपलं व्हतं?"

लालासाहेब धावले, "आई, बसा, बसा," म्हणायला लागले. आप्पांनी त्यांना हातानंच मागं सारलं. बाई खरं बोलत होती. उभ्या हयातीत आप्पांनी पुकारलेला निकाल कधी मागं घेतला नव्हता. त्यांनी डोळे पुसले आणि माईक तोंडाशी धरला.

"ऐका हो मंडळी! मगाशी म्या दिलेला निकाल चुकीचा हाय. दगडाबाईंनी हरकत घेतलीया आन् ती बरोबर हाय. वय बघितलं न्हाई, वजन बघितलं न्हाई. जोडच चुकीची लावली. ही कुस्ती ह्या मैदानाला मान्य न्हाई!"

"मान्य न्हाई!" मागून एक पैलवान ओरडला. मग दुसरा. मग आख्खं मैदान उठून उभं राहिलं आणि ओरडायला लागलं. त्यानं काही होणार नव्हतं, हे तिथल्या पोराटोरालाही कळत होतं. तरी कितीतरी वेळ कुणी थांबेना.