चुंबकाला न चिकटलेला दगड

ते पत्र येऊन सात वर्षं झाली होती. उत्तर न देताच दगडोबांनी ते दगडासकट खणात सारून दिलं होतं, आणि आज प्रयोगशाळेतल्या बाई तोच दगड तळहातावर घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभ्या होत्या.

"काका, चंद्र तुमच्या खणात लोळत पडला होता की."

संग्रहालयात सगळे त्यांना पाठीमागे दगडोबा म्हणत, तोंडावर काका. लोकांनी उचलून आणलेला दगड आकाशातून पडलेला की नुसताच धोंडा, हे ठरवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. महिनाअखेर ते निवृत्त होणार, म्हणून बाईंनी खण रिकामे करायला घेतले होते. हा दगड दिसताच त्यांनी त्याची कागदासारखी पातळ चकती कापली. काळसर अंगात पांढरे खडे, आणि लोह-मँगनीजचं प्रमाण नेमकं चंद्रावरचं. माणसांनी तिथून आणलेले दगड मोजक्या जागांचे; हा आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूचाही असू शकेल, असं बाई भरभरून सांगत होत्या.

"एकच घोळ झालाय. दगड थिजला तेव्हा चंद्राला स्वतःचं चुंबकत्व होतं का, त्याची खूण आत राहते. यावर कुणीतरी लोहचुंबक फिरवलाय. सगळं पुसून गेलं. कोण शहाणा होता देव जाणे."

दगडोबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"मीच तो," ते म्हणाले.

बाई ओशाळल्या. तेव्हा सगळेच लावायचे, म्हणाल्या. दगडोबांनी मान हलवली. पण त्यांना आठवत होतं ते दुसरंच.

हा दगड पहिल्यांदा आणला होता पाण्याचा टँकर चालवणाऱ्या एका माणसानं, पंच्यात गुंडाळून. खडीच्या माळावर सापडला म्हणाला. संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली होती. आकाशातून पडलेले दगड बहुधा चुंबकाला चिकटतात, म्हणून दगडोबांनी चुंबक लावला; तो चिकटला नाही. चंद्राच्या दगडात धातू नावालाच असतो, चुंबक त्याला धरत नाही, हे त्यांना पाठ होतं. तरी साधा धोंडा आहे म्हणून त्यांनी तो परत केला. टँकरवाला हसला होता.

"मग याचा भाऊ शोधून आणतो साहेब. तो तरी चिकटेल."

आणि ऐन उन्हाळ्यात तो खरंच शोधायला गेला. रिकामा टँकर वाळूत रुतला आणि माणूस चौथ्या दिवशी मेलेलाच सापडला. पुढे त्याच्या मुलीचं पत्र आलं, सोबत दगड. 'बाबांच्या खिशात हाच होता. आई म्हणते, धोंड्यापायी जीव घालवला. तुम्ही एकदा पुन्हा बघा. बाबा खुळे नव्हते, एवढंच मला कळायला हवं.'

धोंडाच निघाला तर त्या पोरीला काय सांगायचं, आणि नाही निघाला तर स्वतःला काय सांगायचं? दगडोबांनी तो कापलाच नाही.

"शोधणाऱ्याच्या रकान्यात कुणाचं नाव घालू?" बाईंनी विचारलं.

त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला आणि टँकरवाल्याचं नाव सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

मग ते पत्राला बसले. पहिल्या तीन कागदांवर नुसतं शास्त्रच उतरलं, ते त्यांनी फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'तुमचे वडील खुळे नव्हते. दगड चंद्रावरचाच आहे. ते स्वतः घेऊन आले होते, तेव्हा मी तो नीट न बघता परत केला. उत्तर द्यायला सात वर्षं लावली, तीही माझ्या भित्रेपणानं. दगड तुमचा आहे.'

पोस्टात खिडकीतल्या माणसानं पाकीट उलटून पाहिलं.

"आजोबा, पाठवणाऱ्याचा पत्ता राहिला."

आजवर त्या जागी संग्रहालयाचा शिक्का असायचा. महिनाअखेरीनंतर तिथे त्यांना विचारत कुणी आलं असतं, तर दारावरूनच परत गेलं असतं. दगडोबांनी दोऱ्यानं बांधलेलं पेन उचलून घरचा पत्ता लिहिला, मजल्यासकट. मग त्याखाली, कुणी विचारलं नसताना, बारीक अक्षरात लिहिलं: एक तारखेपासून दिवसभर घरीच असतो.

आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.